सातवा डबा

१

माझं शिक्षण चौथी. तेही मास्तरले माझं तोंड आणखी एक वर्ष पाहाचं नव्हतं म्हणून पास केलं. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. काढत बसा.

मी भैय्याजी. छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरो गेजवर, वाफेच्या इंजिनात बावीस वर्षं कोळसा टाकला, फायरमन म्हणून. मंग वाफ बंद झाली अन् मोतीबागेच्या शेडमध्ये डिझेलचे नट आवळत बसलो. त्या डिझेलबद्दल मले काही बोलाचं नाही. डबडं ते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पोरानं, अंकुशनं, जर्मनीहून एक इंजिन पाठवलं. खेळणं नाही. लोक सक्करदऱ्याहून, कुठून कुठून पाहाले येतात अन् विचारतात, "आजोबा, सेल कुठं टाकता?" त्याहिले मी चहा देत नाही. खरं वाफेचं इंजिन आहे. हातभर लांब, पण आत तांब्याचा बॉयलर, दोन्हीकडं पिस्टन. बॅटरीत टाकतात ते पाणी सिरिंजनं भराचं, लायटरमध्ये भरतात तो गॅस द्याचा, घट्ट तेलाचे चार थेंब, अन् चिमणीच्या तोंडाशी पेटती काडी धराची. सात मिनिटांत वाफ धरते. मंग रेग्युलेटरचा दांडा उघडा, करंगळीएवढा आहे, अन् सोडा. गॅस संपेपर्यंत अठरा मिनिटं फिरते. रिमोट वगैरे काही नाही. थांबवाचं तं हातानं दांडा बंद कराचा, दुसरा उपाय नाही.

आलं तेव्हा हिरवं होतं, लाल चाकांचं, वरातीतल्या नवरदेवासारखं. मी ते माणसात आणलं. रंग खरवडून काळं केलं. चिमणी बुटकी होती, ती काढून आमच्या लाइनीच्या इंजिनासारखी उंच बसवली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून समोर जाळी केली. शिटी त्याहिची पाखराच्या पिलासारखी चिरकत होती, मी पितळी नळीची दुसरी केली, भरदार.

हे सगळं माझ्या हौशीसाठी. मंग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीले, बायकोले, पार्वतीले, लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मागच्या खोलीत खाट टाकली. त्या खोलीची खिडकी आंगणात उघडते. मी पेरवाच्या झाडाभोवती विटांचा कठडा बांधला, बरोबर तिच्या खिडकीच्या उंचीचा, अन् रूळ त्याच्यावर नेले. रोज चार वाजता चमच्यानं तिले चहा पाजाचा अन् इंजिन सोडाचं. डॉक्टर आला तं ती छताकडं पाहे. भावना, आमची पोरगी, रोज स्कुटीवर येते, तिच्याकडंही तसंच. पण इंजिन खिडकीतून गेलं की तोंडाची डावी बाजू वर उचले.

एकावन्न वर्षांच्या संसारातलं एवढंच माझ्यापाशी उरलं होतं. चार वाजताचं अर्धं हसू.

२

रिकामं इंजिन अन् डबे जोडलेलं इंजिन यांचा आवाज वेगळा असते. रिकामं असलं की ते फस-फस-फस करत पळते, पोट्ट्यासारखं. मागं लोड आला की दम टाकते, भक्... भक्... भक्... एकेक मोजून. फायरमन झोपेतही सांगीन मागं किती आहे.

जानेवारीत एक दिवस, चार वाजून दहा मिनिटांनी, माझं इंजिन लोडवर चालाले लागलं.

मागं काही नव्हतं. डबे मी घेतलेच नाही, मले त्या रंगीत डब्यांचा राग येते. मी इंजिन उचललं, पाहिलं. चाकांचा आस तपासला, त्यात केस अडकला का पाहिलं, तेल बदललं, रुळावर बोट फिरवून खडा शोधला. दुसऱ्या दिवशी तेच. भक्... भक्... म्हटलं, थंडी आहे, वाफ लवकर मरून राहिली. म्हटलं, मागची भिंत आवाज फेकून राहिली. म्हातारपणी माणूस कानाले दोष देते, तोही देऊन पाहिला.

त्याच आठवड्यात खाप्याहून रुपराव आला. रुपराव माझा ड्रायव्हर. चौदा वर्षं एका इंजिनावर काढली आम्ही. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुतण्या बसमध्ये बसवून देते अन् मी स्टँडवरून ऑटोनं आणतो.

"भैय्या, हा चहा आहे का पाणी?" खुर्चीवर बसल्या बसल्या त्यानं सुरू केलं. "वैनी चांगली होती तं चहात दूध राहे."

"गप पी. दूध टाकलं तं तुले रस्त्यात बस थांबवा लागते."

"सोड तुझं लेकरू. पाहू तं शकत नाही, ऐकतो."

मी सोडलं. रुपराव मान खाली घालून ऐकत होता. तीन फेऱ्या झाल्या. मंग त्यानं कप खाली ठेवला.

"किती डबे लावले गा?"

"डबे कुठले? इंजिनच आहे."

"मले शिकवतं? आंधळा झालो मी, बहिरा नाही. सात आहेत. सहा भरून अन् शेवटचा रिकामा. जोडावर उड्या मारून राहिला तो, ऐकू येत नाही तुले?"

रुळाचा एक जोड पेरवाच्या झाडापाशी आहे. इंजिन त्याच्यावरून गेलं की टक-टक होते. मी तोपर्यंत तो ऐकलाच नव्हता, भक् भक् ऐकत होतो. आता ऐकलं. इंजिन गेलं, टक-टक. रूळ मोकळा होता, त्याच्यावर ऊन होतं. अन् पुन्हा टक-टक. पुन्हा. पुन्हा. शेवटचा हलका, खडखड करत.

"हात ठेवून पाह्य," मी म्हटलं, अन् त्याचा हात धरून कठड्यावर ठेवला, रुळाच्या बाजूले. इंजिन त्याच्या हातापासून पुढं गेलं. त्यानं हात काढला नाही. दुसऱ्या हाताची बोटं एकेक मिटत होता. पाच मिटली, मंग पुन्हा दोन. मंग हात पॅन्टले पुसला.

"मले स्टँडवर सोडून दे."

"जेवून जाय नं. वांग्याची भाजी केली भावनानं."

"खाप्याची गाडी सापडत नाही मंग."

खाप्याची गाडी संध्याकाळपर्यंत सापडते. त्याले माहीत होतं अन् मलेही. त्याच्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.

३

रेल्वेच्या फाटकात उभ्या माणसाचे डोळे कधी पाहिले का? गाडी निघाली की डोळे एका डब्यासंगं सरकत जातात, झटक्यात माघारी येतात, दुसऱ्यासंगं जातात, पुन्हा माघारी. त्या माणसाले कळत नाही. समोरच्याले हसू येते.

पार्वतीचे डोळे तसे होऊन राहिले होते. इंजिन खिडकीतून जाई, मी ते पुढच्या वळणावर पाही, अन् तिचे डोळे खिडकीतच. सरकत, माघारी. सरकत, माघारी. मी मोजले. सातव्या खेपेले डोळे माघारी येत नव्हते. त्याच्यासंगंच जात, पार कोपऱ्यापर्यंत, पांढरं दिसेपर्यंत.

मी भावनाले दाखवलं.

"बाबा, डॉक्टरनं सांगितलं नं, डोळ्याच्या नसा कमजोर झाल्या म्हणून."

"डॉक्टर कधी फाटकात उभा राहिला का?"

"तुमचं नं, प्रत्येक गोष्टीत रेल्वे! मी नेते आईले माझ्या घरी."

"ने. तिथं काय दाखवशील तिले? टीव्हीवरच्या शिरेली?"

चादर बदलाले मी पार्वतीले उचललं होतं, भावनानं मदतीले हात घातला अन् थांबली. "बाबा, किती हलकी झाली आई. मागच्या महिन्यात मले एकटीले हालत नव्हती."

हलकी झाली होती. दिवसातून दोनदा उचलणारा मी, मले नाही कळणार? भावनानं आणलेल्या वजनकाट्यावर मी तिले घेऊन उभा राहिलो, मंग नुसता उभा राहिलो. दिवाळीत सेहेचाळीस किलो होती. आता एकेचाळीस. म्हटलं, पेज कमी पडून राहिली. पेजेत तूप वाढवलं. नव्वद कारणं आहेत म्हातारं माणूस वाळण्याची.

तिकडं शेवटचा डबा उड्या मारेनासा झाला होता. जोडावर त्याचं टक-टक आता बाकीच्यांसारखं बसून येत होतं. हे दोन्ही मले माहीत होतं. एकाशेजारी एक ठेवून मी पाहिलं नाही, एवढंच.

४

काहून पाहिलं नाही? तं त्या दिवसांत मले दुसरीच लाज खाऊन राहिली होती.

खिडकीपाशी वळण आहे. तिथं इंजिन घसराले लागलं. चाकं गरगर फिरत अन् इंजिन जागच्या जागी. लोड झेपत नव्हता. तुमच्यासारखा शिकलेला असता तं इंजिन बंद करून पेटीत टाकलं असतं. मी फायरमन. आमच्यात गाडी चढावर अडली तं मागं काय भरलं आहे हे कोणी विचारत नाही. कोळसा असो, लग्नाची वरात असो, नाहीतर मयत असो. गाडी अडली, ही आपली इज्जत गेली. ओढाची, बस.

मी कामाले लागलो. जुन्या बॅटरीचं शिसं वितळवून इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांत ओतलं, चाकांवर वजन पडावं म्हणून. गॅसच्या तोंडाचं छिद्र केसभर मोठं केलं. वळणावर कन्हान नदीची बारीक वाळू चाळून टाकली. सहा दिवस दुसरं काही सुचलं नाही. भावना म्हणे, "बाबा, तुम्ही आंघोळ तरी करा." मी म्हणे, "तू तुझं ऑफिस पाह्य."

सातव्या दिवशी इंजिन वळणावर आलं, दोन भक् जोरात टाकले, अन् सगळं ओढत निघून गेलं. चाक सुटलं नाही. मी टाळी वाजवली. खिडकीत पाहिलं. पार्वती हसून राहिली होती.

तोंडाच्या दोन्ही बाजूंनी. मेलेल्या बाजूनंही.

मी आत धावलो, तिले उठवून बसवाले. हात खाली घातले अन् उचललं, अन् माझा तोल मागं गेला. आपण भरलेलं मडकं समजून जोर लावतो अन् ते रिकामं निघते, तसा.

तेव्हा दोन्ही गोष्टी शेजारी आल्या. कळलं, सातवा डबा कशानं भरून राहिला होता, अन् तो ओढणारं इंजिन कोणी तयार केलं.

५

इंजिन पेटीत ठेवून कुलूप लावलं.

पहिल्या दिवशी चार वाजता तिनं खिडकीकडं पाहिलं अन् पाहतच राहिली. दुसऱ्या दिवशी तोंड मिटलं. पेज ओठावरून खाली येई. डाव्या हाताच्या नखानं खाटेच्या लोखंडावर वाजवाले लागली. टक-टक. टक-टक. तिसऱ्या दिवशी पाणीही नाही.

डॉक्टर म्हणाला, नाकातून नळी टाकू, पण या वयात तुम्हीच ठरवा. तो गेल्यावर भावना माझ्यासमोर उभी राहिली.

"इंजिन काहून बंद केलं बाबा?"

"बिघडलं."

"बिघडलं? तुमच्याच्यानं दुरुस्त होत नाही?"

पोरीले कुठं मारावं हे बरोबर माहीत आहे. माझ्यावरच गेली.

"तिले एवढंच तं आवडते," ती म्हणाली, अन् रडाले लागली. "तिच्याजवळ काय आहे दुसरं? तुम्ही तेवढंही काढून घेतलं."

काय सांगू तिले? नको, सांगून पाहिलं असतं तं तिनं माझंही नाव दवाखान्यात घातलं असतं. पार्वती माझ्याकडं पाहून राहिली होती. या बाईनं मले कधी लुगडं मागितलं नाही, रविवारी बुद्धविहारात संगं चला म्हणे, तेही मी गेलो नाही. आता डोळ्यांनी मागून राहिली होती.

चालवलं तं ती जाते. नाही चालवलं तं उपाशी मरते. मी रात्रभर... नाही, खोटं काहून सांगू, पाच मिनिटांतच ठरवलं. चालवाचं, पण दूर खुर्चीवर बसून नाही. खिडकीपाशी कठड्याले लागून उभं राहाचं, हातात मोजा घालून. गाडी तिले घ्याले तिथं थांबली, की इंजिन रुळावरून उचलून घ्याचं. इंजिनच नाही तं गाडी जाईल कशानं?

हिशेब बरोबर होता. आजही म्हणतो, बरोबर होता.

६

इंजिन सुटलं. भावना आत वाटी घेऊन बसली होती. पहिल्या फेरीले तिचा आवाज आला, "बाबा, घेतला! एक चमचा घेतला आईनं!"

दुसरी फेरी. भक्... भक्... जोडावरचे सात टक-टक मी मोजले, सातही जड.

तिसऱ्या फेरीले इंजिन खिडकीसमोर आलं अन् थांबलं. दांडा उघडा, वाफ पूर्ण, वरच्या वॉल्वातून फुसफुस सुरू, अन् उभं. स्टेशनात उभं राहते तसं, काही बिघाड नसलेलं.

ऊन पेरवाच्या मागून तिरपं येऊन राहिलं होतं, कठड्यावरून खिडकीत, अन् खिडकीतून तिच्या खाटेमागच्या भिंतीवर. रोज तिथं खिडकीएवढा उजेडाचा तुकडा पडे. त्या दिवशी तो तुकडा एकसंध नव्हता. त्यात काळ्या पट्ट्या होत्या, अन् पट्ट्यांमध्ये उजेडाचे चौकोन, एका ओळीत. मी रूळ पाहिला. रूळ रिकामा. भिंत पाहिली. चौकोनांत डोकी होती. बसलेल्या माणसांची, थोडी खाली झुकलेली, लांबच्या प्रवासात होतात तशी.

शेवटच्या चौकोनात काही नव्हतं. मी पापणी मिटली, उघडली. मंग होतं. बाईचं डोकं, मागं अंबाडा. पार्वतीचे केस भावनानं दुखण्यात कापून टाकले होते, तरी तो अंबाडा मी एकावन्न वर्षं मागून पाहिला आहे.

मी हात टाकला. मोजा घातलेली बोटं इंजिनाच्या छतावर, अंगठा दांड्यापाशी. उचलणारच होतो.

मागून शिटी वाजली. गार्डची शिटी, साधी, तोंडानं वाजवतात ती. गाडीच्या टोकाकडून, जिथून याले पाहिजे तिथूनच आली.

गार्डची शिटी झाली की फायरमननं मागं वळून झेंडी पाहाची अन् ड्रायव्हरले ओरडून सांगाचं. ते डोक्यातलं काम नाही. बावीस वर्षांत ते छातीत जाऊन बसते. आई मेल्याची तार खिशात असताना मी ते केलं आहे.

"राइट!" मी ओरडलो.

माझाच आवाज. अन् माझाच अंगठा, दांडा पूर्ण उघडला त्यानं. इंजिन बोटांखालून निसटलं, दोन भक् टाकले, शिशाच्या वजनानं रूळ धरला, जराही घसरलं नाही. माझं काम होतं ते, घसरेल कसं? पेरवापाशी जोड वाजला. सात वेळा. मी झेंडी पाहाले मागं वळलो नाही. वळलो असतो तं निदान गार्ड कोण होता ते कळलं असतं.

पुढच्या फेरीले इंजिन फस-फस करत, हलकं, पोट्ट्यासारखं पळत आलं.

आतून भावना किंचाळली. मी खिडकीचा गज धरून उभा राहिलो. आत जाण्याची हिंमत झाली नाही.

"बाबा! या ना लवकर! आईनं वाटी संपवली!"

७

ती खाते आता. दोन वाट्या पेज, वर दूध-पोळी कुस्करून. डॉक्टर म्हणते, असं हजारात एखाद्याचं होते. अंकुश व्हिडिओवर रडला. भावनानं विहारात खीर वाटली. वजन एकावन्न किलो झालं, काटा खोटा नाही, मी दुसऱ्या काट्यावरही करून पाहिलं.

पण उचलतो मी. पार्वतीचं वजन डाव्या हातावर येई, उजवं अंग मागं लोंबे. हे तसं नाही. हे सगळं मध्ये एका जागी जमून आहे, वरून बांधलेल्या पोत्यासारखं. डोळे छताकडंही नाहीत अन् माझ्याकडंही नाहीत. खिडकीतून इंजिन गेलं तरी हालत नाहीत. मी महिनाभर चालवून पाहिलं. रोज चार वाजता, रिकामं, अठरा मिनिटं. मी कठड्यापाशी उभा राहतो, मले घेऊन जा म्हणतो. कोणी थांबत नाही. आठवा डबा नाही त्या गाडीले.

तिले मीच पाठवलं. कोणत्या स्टेशनात उतरवली, तिथं तिले पाणी द्याले कोणी आहे का, हे विचाराचं कोणाले? छोट्या लाइनीचंही वेळापत्रक राहे. कोणतीच गाडी जाताना भरून अन् येताना रिकामी येत नाही, एवढं मले माहीत आहे, अन् ते माहीत नसतं तं बरं होतं.

"बाबा, भरवा नं," भावना स्वयंपाकघरातून ओरडते. "आई तोंड उघडून बसली."

मी वाटी घेऊन जातो. मी दारात याच्या आधीपासून तोंड उघडं असते. मी चमचा पुढं करतो अन् त्या बाईले नावानं हाक मारत नाही.